फायबरमधला प्रकाश पोलरायझेशननुसार वेगळा करताना: निवड, जोडणी आणि मोजणी

पोलरायझेशन बीम स्प्लिटर, म्हणजे पीबीएस, ही काडीपेटीहूनही लहान, तीन फायबर बाहेर आलेली डबी. काम एवढंच की आत आलेल्या प्रकाशातली दोन काटकोनातली पोलरायझेशन (म्हणजे प्रकाशलहरीच्या कंपनाच्या दिशा) वेगळी करून ती दोन वेगळ्या फायबरमध्ये पाठवायची. उलट दिशेने वापरली तर हीच डबी दोन प्रकाश एकत्र आणते आणि तिला कंबायनर म्हणतात. तरीही "पीबीएस खराब आहे" अशी तक्रार वारंवार होते. बहुतेक वेळा डबी ठणठणीत असते, दोष तिच्या बाहेर असतो: फिरलेला कनेक्टर, दाबली गेलेली फायबर, चुकीचा प्रकाशस्रोत किंवा चुकीची मोजणी. म्हणून या लेखात डबीच्या आतल्या भागापेक्षा तिच्या आजूबाजूला जास्त जागा दिली आहे.

आत काय घडतं

काही स्फटिकांमध्ये प्रकाशाचा वेग पोलरायझेशनच्या दिशेवर अवलंबून असतो. कॅल्साइटमधून पाहिलं की अक्षरं दोन दोन दिसतात, हे रास्मुस बार्थोलिनने १६६९ मध्ये नोंदवलं. फायबर पीबीएसमध्ये हाच गुण कामी येतो. फायबरमधून आलेला प्रकाश लेन्सने समांतर केला जातो, स्फटिकातून जाताना त्याचे दोन भाग होतात आणि ते दोन फायबरमध्ये पुन्हा केंद्रित होतात. स्फटिक बहुधा यिट्रियम व्हॅनाडेटचा असतो. १५५० नॅनोमीटरला त्याचे दोन अपवर्तनांक साधारण १.९४ आणि २.१५ आहेत. अक्षाशी ४५ अंशांत कापलेल्या तुकड्यात दोन किरणांमध्ये सुमारे ५.७ अंशांचा कोन पडतो, म्हणजे १० मिलिमीटर लांबीत ते जवळपास १ मिलिमीटरने दूर जातात.

दुसऱ्या प्रकारात पातळ थरांचं लेपन केलेला काचेचा घन असतो. तो एक पोलरायझेशन आरपार सोडतो आणि दुसरं परावर्तित करतो. तिसरा प्रकार म्हणजे दोन पीएम (पोलरायझेशन टिकवणाऱ्या) फायबर एकत्र वितळवून ताणलेला कपलर. यात प्रकाश काच सोडून बाहेरच येत नाही, पण तो तरंगलांबीच्या अरुंद पट्ट्यातच नीट चालतो. तरंगलांबी बदलती असेल किंवा स्रोत रुंद पट्ट्याचा असेल, तर स्फटिकवाला प्रकार घ्या.

फायबरचा अक्ष

साध्या सिंगल मोड फायबरमध्ये पोलरायझेशन टिकत नाही. फायबर वळली, कुणाचा हात लागला, खोलीचं तापमान बदललं की ते बदलतं. पीएम फायबरमध्ये गाभ्याच्या दोन्ही बाजूंना ताण देणाऱ्या दोन काड्या बसवलेल्या असतात. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पांडा प्रकारात त्या गोल आणि बोरॉन मिसळलेल्या काचेच्या असतात. त्या दोन काड्यांची केंद्रं जोडणारी रेषा म्हणजे स्लो ॲक्सिस, तिच्या काटकोनात फास्ट ॲक्सिस.

पीएम फायबर कोणतंही पोलरायझेशन सांभाळते असा समज आहे, तो चुकीचा. ती फक्त या दोन अक्षांवर सरळ घातलेला प्रकाश सांभाळते. ३० अंश तिरका घातलात, तर दोन्ही अक्षांवर वाटला गेलेला प्रकाश वेगवेगळ्या वेगाने पुढे जातो आणि दर काही मिलिमीटरला पोलरायझेशनचा आकार बदलत राहतो. ही पुनरावृत्ती ज्या लांबीत होते तिला बीट लेंग्थ म्हणतात. १५५० नॅनोमीटरच्या पांडा फायबरमध्ये ती साधारण ३ ते ५ मिलिमीटर असते.

कोनाची चूक किती महागात पडते याचे आकडे पाठ असलेले बरे. एका जोडावर अक्ष १ अंशाने चुकला तर पोलरायझेशन एक्स्टिंक्शन रेशो, म्हणजे पीईआर (हव्या आणि नको त्या पोलरायझेशनच्या पॉवरचं डेसिबलमधलं, म्हणजे डीबीतलं, गुणोत्तर), ३५ डीबीच्या वर जाऊ शकत नाही. २ अंशांना ती मर्यादा २९ डीबी, ३ अंशांना साडेपंचवीस, ५ अंशांना २१ आणि १० अंशांना १५ डीबी. सूत्र सोपं आहे: कोनाच्या टॅनचा वर्ग घ्या आणि त्याचे डीबी करा. म्हणजे २५ डीबीचा पीबीएस घेऊन त्याच्या अलीकडे ५ अंश चुकलेला कनेक्टर लावला, तर डबी कितीही चांगली असली तरी हाती २१ डीबीच्या आतच येणार. १०० मिलिवॅट प्रकाश घातला असेल तर त्यातला पाऊण मिलिवॅट नको त्या पोर्टमधून बाहेर पडेल.

विकत घेण्याआधी

कॉमन पोर्टला (विभागायचा प्रकाश जिथून आत येतो त्या टोकाला) सिंगल मोड फायबर हवी की पीएम, हा पहिला प्रश्न. बाहेरून येणारा, पोलरायझेशन माहीत नसलेला प्रकाश तपासायचा असेल (कोहेरंट रिसीव्हरमध्ये अगदी हेच असतं) तर सिंगल मोड योग्य. ठरलेल्या लेझरचा प्रकाश ठरलेल्या प्रमाणात वाटायचा असेल तर पीएम. दोन आउटपुट पोर्ट जवळपास नेहमी पीएमच असतात.

डेटाशीटवर तरंगलांबी आणि पट्टा पाहा, उदाहरणार्थ १५५० अधिक-उणे ४० नॅनोमीटर. लॉस ०.४ ते ०.६ डीबी आणि एक्स्टिंक्शन रेशो २० ते २५ डीबी हे नेहमीचे आकडे आहेत. आउटपुटवर प्रकाश कोणत्या अक्षावर येतो हेही वाचा. बहुतेक उत्पादक दुसऱ्या पोर्टची फायबर जोडतानाच ९० अंशांनी फिरवतात, त्यामुळे दोन्ही पोर्टांवर प्रकाश स्लो ॲक्सिसवर मिळतो. काही जण तसं करत नाहीत. हे गृहीत धरलं तर पुढची सगळी साखळी ९० अंशांनी चुकते आणि पुढे एक अक्ष अडवणारा आयसोलेटर असेल तर प्रकाश तिथेच संपतो. शेवटी पॉवरची मर्यादा. साध्या डबीला ती काही शे मिलिवॅट असते. त्यापुढे हाय पॉवर प्रकारच घ्यावा लागतो.

एफसी कनेक्टर असतील तर त्यांची 'की' (कनेक्टर ठरलेल्या दिशेनेच बसावा म्हणून असलेला उंचवटा) रुंद आहे का अरुंद, हे विचारून घ्या. अरुंद की २ मिलिमीटरची, रुंद २.१४ ची. पीएम कामात सहसा अरुंद वापरतात. अरुंद की रुंद खाचेच्या ॲडाप्टरमध्ये बसते खरी, पण सैल बसते, आणि नट आवळताना कनेक्टर त्या फटीत फिरतो. मग दर जोडणीला वेगळा आकडा येतो.

मोजणी: दोन आकडे, दोन अर्थ

सर्वात जास्त गोंधळ इथे होतो. एक्स्टिंक्शन रेशो या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात. एक म्हणजे विभागणीची शुद्धता: पहिल्या पोर्टला जाणारं पोलरायझेशन घातलं, तर दुसऱ्या पोर्टमधून किती गळतं. दुसरी म्हणजे आउटपुट फायबरचा पीईआर: पहिल्या पोर्टमधून आलेला प्रकाश त्या फायबरच्या स्लो ॲक्सिसवर किती शुद्ध आहे. डबीत स्फटिक उत्तम असेल पण फायबर ३ अंश तिरकी चिकटवली असेल, तर पहिला आकडा छान येतो आणि दुसरा वाईट. दोन्ही स्वतंत्रपणे मोजा.

विभागणी मोजायला सिंगल मोड कॉमन पोर्टच्या डबीसाठी हे साहित्य लागतं: त्या तरंगलांबीचा लेझर, इनलाइन पोलरायझर, तीन पॅडलचा (फायबरची वेटोळी असलेल्या तीन फिरत्या पट्ट्यांचा) पोलरायझेशन कंट्रोलर आणि उणे ५० डीबीएमपर्यंत (डीबीएम म्हणजे १ मिलिवॅटच्या तुलनेत डीबी) नीट वाचणारा पॉवर मीटर. पोलरायझर ऐच्छिक नाही. लेझरचा ९९ टक्के प्रकाश पोलराइज्ड असला, तरी उरलेला १ टक्का दोन्ही पोर्टांत अर्धा अर्धा वाटला जातो आणि मोजणी २३ डीबीच्या वर जात नाही. डबी ३० डीबीची असली तरी तुम्हाला २३ च दिसतील.

१. लेझर अर्धा तास चालू ठेवून स्थिर होऊ द्या. पॉवर मीटर झाकून शून्य करा.

२. लेझर, पोलरायझर, कंट्रोलर अशा क्रमाने जोडा. कंट्रोलरचं आउटपुट थेट मीटरला देऊन आकडा लिहा. समजा ०.० डीबीएम आला. कंट्रोलरपासून पुढे डबीपर्यंतची फायबर टेबलाला टेपने चिकटवा, यानंतर ती हलता कामा नये.

३. सगळ्या टोकांचं परीक्षण मायक्रोस्कोपने करा. लेझर बंद असतानाच. १५५० नॅनोमीटरचा प्रकाश दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणूनच तो जास्त धोक्याचा. मग क्लीनरने पुसून पुन्हा पाहा.

४. कंट्रोलर कॉमन पोर्टला जोडा, मीटर दुसऱ्या पोर्टला. आता पॅडल फिरवत दुसऱ्या पोर्टची पॉवर कमीत कमी करा. पहिल्या पोर्टची जास्तीत जास्त करू नका. कमाल बिंदूजवळ वक्र सपाट असतो, ५ अंश चुकूनही पॉवर एक टक्क्याहून कमी बदलते आणि ते मीटरवर जाणवतही नाही. किमान बिंदू मात्र धारदार असतो. मधलं पॅडल, मग पहिलं, मग तिसरं, पुन्हा मधलं, असं करत आकडा आणखी खाली जायचा थांबेपर्यंत फिरवा.

५. दुसऱ्या पोर्टचा आकडा लिहा, समजा उणे २४.०. फायबरला न हलवता मीटर पहिल्या पोर्टला लावा, समजा उणे ०.५. लॉस ०.५ डीबी, विभागणी २३.५ डीबी.

६. आता उलट करा: पहिल्या पोर्टची पॉवर किमान करून दुसऱ्या पोर्टचा लॉस मोजा. दोन्ही पोर्टांचे आकडे सहसा सारखे नसतात.

७. दोन मीटर असतील तर दोन्ही पोर्टांवर लावून पॅडल मुक्तपणे फिरवा. मिलिवॅटमधली बेरीज जवळपास स्थिर राहायला हवी. ती बरीच डोलत असेल तर दोन पोर्टांच्या लॉसमध्ये मोठा फरक आहे किंवा एखादं टोक घाण आहे.

नवख्या माणसाला इथे हमखास चकवणारी एक गोष्ट आहे. पोलराइज्ड नसलेला स्रोत, उदाहरणार्थ एएसई (ॲम्प्लिफायरच्या स्वयंस्फूर्त प्रकाशाचा स्रोत), थेट कॉमन पोर्टला लावला तर प्रत्येक पोर्टवर साडेतीन डीबी "लॉस" दिसतो आणि पॅडल कितीही फिरवले तरी हलत नाही. त्यातले ३ डीबी म्हणजे वाटणी आहे, तोटा नाही.

आउटपुट फायबरचा पीईआर मोजायला कनेक्टरसमोर कोलिमेटर (प्रकाश समांतर करणारी लेन्स), फिरता पोलरायझर आणि डिटेक्टर लागतो. पोलरायझरची स्वतःची शुद्धता अपेक्षित आकड्याहून किमान १० डीबी जास्त हवी. पोलरायझर फिरवून कमाल आणि किमान वाचा, फरक तोच पीईआर. किमान जिथे आलं तो कोन कीशी किती जुळतो हेही नोंदवा.

अरुंद पट्ट्याच्या लेझरने हे करताना आकडा फसवतो. पीएम फायबरच्या दोन अक्षांवरचे प्रकाश शेवटी कोणत्या फेजमध्ये भेटतात यावर किमान अवलंबून असतं. नशीब चांगलं असेल तर खराब जोडणीही त्या क्षणी ३० डीबी दाखवते. म्हणून आउटपुट फायबर ड्रायरच्या कोमट हवेने किंचित तापवा किंवा अलगद ताणा. आकडा वर-खाली नाचू लागेल. त्यातला सर्वात वाईट आकडा खरा माना. किंवा पोलरायझर लावलेला रुंद पट्ट्याचा स्रोत वापरा. पट्टा ४० नॅनोमीटर आणि बीट लेंग्थ ४ मिलिमीटर असेल तर सुमारे १५ सेंटिमीटर फायबरमध्येच दोन अक्षांमधला फेजचा संबंध तुटतो आणि एक मीटरच्या फायबरवर आकडा स्थिर येतो.

स्प्लाइस करताना

पॉवर जास्त असेल किंवा जोडणी कायमची असेल तर कनेक्टरपेक्षा स्प्लाइस (दोन टोकं वितळवून केलेला जोड) चांगला. मशीन पीएम अलाइनमेंटचं हवं. साध्या मशीनने लॉस छान येईल पण अक्ष कुठेही असेल.

कोटिंग साधारण ३० मिलिमीटर काढा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने एकाच दिशेने पुसा, मग क्लीव्ह (टोक सरळ कापणं). क्लीव्हचा कोन अर्ध्या अंशाच्या आत हवा. ताण देणाऱ्या काड्यांपाशी काच वेगळी असल्यामुळे पीएम फायबर साध्या फायबरपेक्षा जरा वाकडी तुटते, तेव्हा ब्लेडची स्थिती तपासा आणि एक अंशाच्या वर गेलेला क्लीव्ह निमूटपणे टाकून द्या. स्लीव्ह (जोडावर बसणारी संरक्षक नळी) आधी घालायला विसरू नका. काचेचे तुकडे बंद डबीतच टाका.

मशीनमध्ये फायबरचा प्रकार पांडा निवडा. टोकाकडून पाहणारं मशीन असेल तर स्क्रीनवर गाभ्याच्या दोन्ही बाजूंना दोन गोल दिसतात. डाव्या आणि उजव्या फायबरचे गोल एका रेषेत आले की स्लो ॲक्सिस जुळला. बाजूने पाहणारी मशीन फायबर फिरवून उजेड-अंधाराच्या पट्ट्यांवरून तोच कोन काढतात. आर्कनंतर (विजेच्या ठिणगीने टोकं वितळवून जोडल्यानंतर) मशीन जो पीईआर दाखवतं तो अंदाज असतो, मोजमाप नव्हे. महत्त्वाच्या जोडाचा पीईआर प्रत्यक्ष मोजा, तोही स्लीव्ह तापवून पूर्ण थंड झाल्यावर. स्लीव्ह आकसताना काचेला पीळ किंवा दाब दिला तर ३० डीबीचा जोड २२ वर येऊ शकतो. फायबर स्लीव्हमध्ये ताठ आणि पिळाशिवाय असेल याची काळजी घ्या.

अर्धी-अर्धी वाटणी हवी असेल तर याच मशीनवर लेझरची पीएम फायबर पीबीएसच्या पीएम कॉमन पोर्टला मुद्दाम ४५ अंशांत जोडता येते. एका अंशाची चूक झाली तर ५१.७ विरुद्ध ४८.३ अशी वाटणी होईल. जोडानंतरची फायबर आणि पीबीएस एकाच अक्षावर असल्याने तापमान बदललं तरी हे प्रमाण फारसं हलत नाही. सिंगल मोड फायबर आणि पॅडल वापरून केलेली अर्धी-अर्धी वाटणी मात्र दुपारपर्यंतही टिकेल याचा भरवसा नाही.

दोन प्रकाश एकत्र आणताना

रमन ॲम्प्लिफायरमध्ये (फायबरमध्येच सिग्नल वाढवणाऱ्या यंत्रणेत) दोन पंप लेझर असेच जोडतात. त्यामुळे पॉवर जवळपास दुप्पट होते आणि रमन गेनचं पोलरायझेशनवरचं अवलंबित्वही घटतं. दोन्ही लेझर पीएम फायबरवर, आपापल्या पोर्टच्या ठरलेल्या अक्षावर. कॉमन पोर्टवर ते एकमेकांच्या काटकोनात येतात. तिसरा लेझर याच पद्धतीने घालता येत नाही, कारण तिसरी दिशाच नाही. त्यासाठी वेगळी तरंगलांबी आणि डब्ल्यूडीएम (वेगवेगळ्या तरंगलांबींचा प्रकाश एकत्र आणणारा भाग) लागतो.

एकाच लेझरचे दोन भाग करून ते पुन्हा जोडले तर पॉवर स्थिर राहील, पण बाहेर येणारं पोलरायझेशन दोन वाटांच्या फेजनुसार फिरत राहील. ते नको असेल तर दोन वाटांच्या लांबीतला फरक लेझरच्या कोहेरन्स लेंग्थपेक्षा (ज्या अंतरापर्यंत फेजचा संबंध टिकतो त्यापेक्षा) पुरेसा जास्त ठेवा.

जास्त पॉवरवर एक धोका लक्षात ठेवाच. कंबायनरमध्ये चुकीच्या अक्षावर आलेला प्रकाश कॉमन फायबरमध्ये शिरत नाही. तो तिच्या शेजारी, डबीच्या आतच आदळतो. १० वॅटच्या लेझरचा पीईआर १५ डीबी असेल तर सुमारे ०.३ वॅट तिथे, गोंदाजवळ, सतत मुरत राहतो. गोंद मऊ होतो, फायबर सरकते, लॉस वाढतो आणि मग उष्णता आणखी वाढते. म्हणून पॉवर वाढवण्याआधी कमी पॉवरवर पीईआर मोजा, डबी धातूच्या पट्टीवर उष्णता वाहक पेस्ट लावून बसवा आणि पहिल्या चढत्या पायऱ्यांवर बोट किंवा थर्मोकपल लावून तापमान पाहत राहा.

बिघडलं तर कुठे पाहायचं

वाटणी हळूहळू सरकत असेल तर डबीआधीची सिंगल मोड फायबर पाहा. ती मोकळी लोंबत असेल, पंख्याच्या झोतात असेल, तर डबी बदलून काहीच होणार नाही. टेप लावा, किंवा ती वाट पीएम करा.

डबीवर आकडा चांगला आणि साखळीच्या शेवटी वाईट असेल तर शेवटाकडून एक एक जोड सोडत मागे या. केबल टायने आवळलेली जागा, ३० मिलिमीटरपेक्षा लहान त्रिज्येचं वळण, रीलवर घट्ट गुंडाळलेली फायबर, हे तीन संशयित आधी तपासा. जोड अनेक असतील तर चुका साचतात: २५ डीबीचे दोन जोड रुंद पट्ट्याच्या स्रोतासाठी मिळून २२ डीबी देतात, पण लेझरसाठी सर्वात वाईट फेजमध्ये १९ पर्यंत नेतात. साखळीत पीएम कनेक्टर जितके कमी तितकं बरं, याचं कारण हेच.

आकडा एखाद्या मिनिटाच्या लयीत वर-खाली होत असेल आणि एसी चालू-बंद होण्याशी ती लय जुळत असेल, तर दोन कच्च्या जोडांमधली पीएम फायबर तापमानाने बदलते आहे. फायबरचा एक एक तुकडा हातात धरून ऊब द्या. ज्या तुकड्यावर हात ठेवताच आकडा नाचतो, त्याच्या दोन्ही टोकांचे जोड अक्षातून सरकलेले आहेत.

एका पोर्टचा लॉस आठवड्यागणिक वाढत असेल तर टोक मायक्रोस्कोपखाली घ्या. गाभ्यावर काळा ठिपका असेल तर पुसून उपयोग नाही, तिथली काच जळलेली आहे. कनेक्टर कापून नवा लावा आणि समोरच्या कनेक्टरचं टोकही तपासा, कारण तेही बहुधा गेलेलं असतं.